चार जीबीच्या लॅपटॉपवर चार जीबीची फाइल: पायथॉननं बदल कसे करावेत

काम ऐकलं तेव्हा दहा मिनिटांचं वाटलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या शहरांची नावं बदलली, सप्टेंबरमध्ये जिल्ह्यांचीही बदलली. त्यानंतर काही महिन्यांनी एका खाजगी संस्थेतून मला फोन आला. शेतमाल खरेदीच्या पावत्यांची जुनी फाइल आहे, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची, तेवढी नावं बदलून द्या. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घरी आला. त्यावर एकच टेक्स्ट फाइल: ४२२ कोटी बाइट, २ कोटी ६० लाखांच्या आसपास ओळी. परभणीत घरबसल्या डेटाची कामं करणाऱ्या माझ्याकडे तेव्हा होता जुना लॅपटॉप, रॅम ४ जीबी.

नोटपॅडमध्ये उघडून 'फाइंड-रिप्लेस' मारू म्हटलं. पंखा गरगरला, पडदा पांढरा झाला आणि माउसही हलेना. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सासरे पाणी प्यायला उठले, दारात थांबून म्हणाले, "काय करायलीस बाई इतक्या रात्री? ते यंत्र विमानासारखं ओरडायलंय."

ते काम संपायला पाच दिवस लागले. खरं काम आठ मिनिटांचं होतं, बाकी सगळा वेळ चुका निस्तरण्यात गेला. तुमचे पाच दिवस वाचावेत म्हणून हे लिहितेय. एक खुलासा आधीच करते: पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या आज्ञांची नावं इथं मी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप मात्र ती इंग्रजीतच करायची.

बसण्याआधी जवळ काय हवं

- पायथॉन ३ (नवीन आवृत्ती असेल तर उत्तम)
- डिस्कवर मूळ फाइलच्या किमान दुप्पट रिकामी जागा
- मूळ फाइलची एक प्रत, शक्यतो वेगळ्या डिस्कवर, 'रीड-ओन्ली' करून
- साधा कोड एडिटर, पण फक्त स्क्रिप्ट (पायथॉनचा छोटा प्रोग्रॅम) लिहायला
- वही आणि पेन. हसू नका, आठव्या पायरीला लागणार आहे.

१. फाइल उघडू नका, डोकावून बघा

पोतं सोडून धान्य अंगणात ओतायच्या आधी आपण बंबी मारून मूठभर नमुना काढतो, तसंच इथं. लिनक्सवर 'हेड' ही आज्ञा पहिल्या काही ओळी दाखवते, 'टेल' शेवटच्या. विंडोजवर पॉवरशेलमधली 'गेट-कंटेंट' ही आज्ञा 'टोटलकाउंट' २० देऊन चालवा. त्यात 'एन्कोडिंग यूटीएफ८' (एन्कोडिंग म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) असं स्पष्ट सांगा, नाहीतर जुन्या पॉवरशेलमध्ये मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात आणि फाइलच बिघडली असं वाटून तुम्ही घाबराल.

एक्सेलमध्ये उघडायचा मोह सगळ्यांना होतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापुढच्या येतच नाहीत. एक सूचना येते, आपण घाईत 'ओके' दाबतो, थोडं काम करून त्याच नावानं सेव्ह करतो आणि उरलेल्या अडीच कोटी ओळी गेल्या. माझ्या ओळखीच्या एकाचं असं झालंय. म्हणून मूळ प्रत रीड-ओन्ली.

डोकावताना वहीत लिहून घ्या: फाइलचा नेमका आकार बाइटमध्ये, स्तंभ कशानं वेगळे केलेत (स्वल्पविराम, टॅब की उभी रेघ), ओळीच्या शेवटी विंडोजची जोडखूण आहे की लिनक्सची एकेरी, आणि फाइलच्या अगदी सुरुवातीला 'बॉम' नावाची तीन बाइटची अदृश्य खूण आहे का.

२. नमुना फाइल बनवा, पण पहिल्या ओळींची नको

मी पहिल्या दहा हजार ओळी वेगळ्या काढल्या, त्यावर स्क्रिप्ट बसवली, सगळं चोख. मोठ्या फाइलवर चालवली तर कोसळली. कारण फाइल जिल्ह्यानुसार लावलेली होती आणि माझ्या दहा हजार ओळी सगळ्या एकाच जिल्ह्यातल्या निघाल्या. दर हजारावी ओळ उचला. २६ हजार ओळींचा नमुना मिळतो आणि त्यात हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत सगळे येतात.

३. एक ओळ आत, एक ओळ बाहेर

नवशिक्याची पहिली स्क्रिप्ट बहुतेक 'रीड' किंवा 'रीडलाइन्स' वापरते. दोन्ही आज्ञा अख्खी फाइल रॅममध्ये ओततात. आता हिशोब करा. देवनागरी अक्षर फाइलमध्ये यूटीएफ-८ पद्धतीनं ३ बाइट घेतं. पायथॉनच्या पोटात गेल्यावर देवनागरी असलेल्या ओळीतलं प्रत्येक अक्षर, अगदी आकडा आणि स्वल्पविरामसुद्धा, २ बाइटचं होतं. ओळीत एखादा इमोजी असला तर ४ बाइटचं. शिवाय दर ओळीमागे व्यवस्थेचं साठ-सत्तर बाइटचं ओझं. २ कोटी ६० लाख ओळींची यादी केली की बेरीज ५ जीबीच्या पुढे जाते. चार जीबीच्या लॅपटॉपनं ओरडू नये तर काय करावं?

त्याऐवजी दोन फाइली एकाच वेळी उघडायच्या, जुनी वाचायला आणि नवी लिहायला. मांडणी अशी:

जुनी उघड (वाचण्यासाठी, एन्कोडिंग यूटीएफ-८, न्यूलाइन रिकामी)
नवी उघड (लिहिण्यासाठी, तेच एन्कोडिंग, न्यूलाइन रिकामी)
जुनीतल्या प्रत्येक ओळीसाठी:
— ओळीत 'बाद' असेल तरच बदल कर
— ओळ नवीत लिही

'फॉर' लूप थेट फाइलवर चालवला की पायथॉन एकेक ओळ हातात देतो. दर ओळीला डिस्ककडे धाव घेतली जाते असं समजू नका, आतून तो मोठा घास घेऊनच वाचतो आणि लिहितानाही साठवून लिहितो. फाइल ४ जीबीची असो नाहीतर ४०ची, रॅम लागते ती काही एमबी.

दोन गोष्टी टाळा. बदललेल्या ओळी एका मोठ्या स्ट्रिंगला (मजकुराच्या साखळीला) जोडत जाऊन शेवटी एकदम लिहू नका, त्यात रॅम परत भरते आणि वेगही ढासळत जातो. आणि दर ओळीला पडद्यावर काही छापू नका. दर दहा लाख ओळींनंतर एक आकडा छापला की जीव शांत राहतो.

४. एन्कोडिंग स्वतः सांगा

विंडोजवर 'ओपन' करताना एन्कोडिंग दिलं नाही, तर पायथॉनच्या आजवर रुळलेल्या आवृत्त्या यंत्राच्या सेटिंगप्रमाणे अंदाज बांधतात. मग 'चारमॅप' शब्द असलेली लांबलचक एरर येते. ती आली तर नशीब समजा. एरर न येता चुकीचं वाचलं गेलं तर जास्त वाईट.

मधेच एखादी तुटकी बाइट असतेच. कुठल्या तरी जुन्या मशीनवरून आलेली, अर्धवट कापलेली नोंद. 'एरर्स' ला 'इग्नोर' द्या असा सल्ला सर्रास मिळतो. देऊ नका, त्यात अक्षरं गुपचूप गळतात आणि कुणाला कळत नाही. 'सरोगेटएस्केप' द्या, वाचताना आणि लिहितानाही. तुटकी बाइट जशीच्या तशी पलीकडे जाते. दुरुस्ती आपलं काम नसेल तर हात लावायचा नाही.

न्यूलाइन रिकामी ठेवायची म्हणजे 'न्यूलाइन' या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग द्यायची. नाहीतर पायथॉन ओळीच्या शेवटच्या खुणा आपल्या मनानं बदलतो.

आणि फाइल श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर इथंच थांबा. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागते. तो वेगळाच विषय आहे.

५. शब्द बदलण्याआधी शब्द मोजा

माझे तीन दिवस इथंच गेले.

साधं 'रिप्लेस' चालवलं. औरंगाबादच्या जागी छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादच्या जागी धाराशिव. नमुना उघडून बघते तर शेरा स्तंभात लिहिलेलं: 'धाराशिवी शेळी, ४ नग'. उस्मानाबादी ही शेळीची जात आहे, देशभर त्याच नावानं ओळखली जाते. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून शेळीचं बदलत नाही.

मग वाटलं, पूर्ण शब्दच जुळवू. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (खुणांनी नमुना सांगून मजकूर शोधायची पद्धत) शब्दाची सीमा दाखवायला 'बॅकस्लॅश बी' ही खूण असते, ती दोन्ही बाजूंना लावली. शेळी तरीही धाराशिवीच! तासभर डोकं धरून बसले. कारण असं: पायथॉनच्या नेहमीच्या 'आरई' मॉड्यूलच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही 'शब्दातली अक्षरं' नाहीतच. त्यामुळे 'उस्मानाबादी'मधल्या 'द'नंतर वेलांटी आली की त्याला शब्द संपल्यासारखा वाटतो. हाच प्रकार 'बीड' शोधताना: 'बीड' पूर्ण शब्द म्हणून शोधा, 'बीडी'सुद्धा सापडते. 'परळ' शोधा, परळी वैजनाथ हाताला लागते. इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेली उदाहरणं उतरवून घेणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हा खड्डा लागतो.

उपाय सोपा आहे. बॅकस्लॅश बी सोडून द्या आणि अट घाला: शब्दाच्या मागे-पुढे देवनागरी पट्ट्यातलं, म्हणजे युनिकोड ०९०० ते ०९७एफ या क्रमांकांतलं, एकही चिन्ह नसेल तरच जुळव. अशी अट 'लुकअहेड' आणि 'लुकबिहाइंड' यांनी घालता येते.

पण मग 'औरंगाबादचा', 'औरंगाबादहून' सुटतात. मराठीला प्रत्यय लागतात, काय करणार. म्हणून बदल करण्याआधी एक फेरी फक्त मोजणीची मारा. 'औरंगाबाद' आणि त्याला चिकटलेली शेपटी असे सगळे वेगवेगळे शब्द 'काउंटर'मध्ये (पायथॉनचं मोजणी ठेवणारं साधन) गोळा करा. २ कोटी ६० लाख ओळींतून माझ्याकडे निघाले मोजून एकोणीस प्रकार. एकोणीस ओळींची यादी डोळ्यांनी वाचता येते. त्यातले 'चा, ची, चे, ला, हून' सरळ होते. 'औरंगाबादेत'चं मात्र 'संभाजीनगरेत' झालं असतं, ते हातानं 'छत्रपती संभाजीनगरात' केलं. दोन्ही नावांची शेवटी एक डिक्शनरी केली: जुना शब्द, नवा शब्द. 'उस्मानाबादी' तिच्यात घातलाच नाही. डिक्शनरीत नसलेल्या शब्दाला स्क्रिप्ट हातच लावत नाही.

आणखी तीन सापळे:

*बिहारचं औरंगाबाद.* बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे. माझ्या फाइलमध्ये ट्रकमालकांच्या पत्त्यांत तो होता. पिनकोडनं वाचवलं: आपल्याकडचा ४३१ नं सुरू होतो, तिकडचा ८२४ नं. शक्य असेल तर अख्ख्या ओळीत बदल न करता फक्त जिल्ह्याच्या स्तंभात करा. स्तंभ तोडायला साधं 'स्प्लिट' पुरतं, पण मजकुरात अवतरणचिन्हांमध्ये स्वल्पविराम असतील तर 'सीएसव्ही' मॉड्यूलच वापरा.

*दुसऱ्यांदा चाललेली स्क्रिप्ट.* काही नोंदींत लोकांनी आधीच 'संभाजीनगर' लिहिलेलं होतं. त्याचंही 'छत्रपती संभाजीनगर' करावं म्हणून मी तो नियम घातला आणि 'बाद'च्या चाळणीत 'संभाजीनगर'ही जोडलं. स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली आणि झालं 'छत्रपती छत्रपती संभाजीनगर'. मागे 'छत्रपती' नसेल तरच, ही अट हवी. तयार झालेल्या फाइलवर स्क्रिप्ट पुन्हा चालवून बघा, एकही बदल व्हायला नको.

*दिसायला एक, आतून दोन.* 'शेतकऱ्याचा' हा शब्द शोधला तर निम्म्याच ओळी सापडल्या. आपला हा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी नुक्त्याचा 'ऱ' वापरतं, कुणी साधा 'र', हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर फरक दिसत नाही, बाइट वेगळ्या. तेच 'ॲ'चं: एका कीबोर्डवर ते एकच अक्षर असतं, दुसऱ्यावर 'अ'वर वेगळा चंद्र. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची सोय) चालवलं तरी या दोन जोड्या एक होत नाहीत, स्वतःच नियम लिहावे लागतात. ही साफसफाई नावबदलाबरोबर उरकू नका, वेगळी फेरी करा. का ते आठव्या पायरीला कळेल.

६. वेग

यात फार अडकू नका. तिसऱ्या पायरीतली 'बाद असेल तरच' ही चाळणी बघा: रेग्युलर एक्स्प्रेशन चालवायला वेळ लागतो, 'इन' नं शोधणं झटपट होतं. बहुतांश ओळींत 'बाद'च नसतं, त्या तशाच पलीकडे जातात. एक्स्प्रेशन लूपच्या बाहेर एकदाच 'कंपाइल' करून ठेवा. एवढ्यानं माझं काम आठ मिनिटांवर आलं, तेही जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर. पुढे अडथळा डिस्कचाच असतो. वाचायची फाइल एका डिस्कवर आणि लिहायची दुसऱ्यावर ठेवली तर फरक पडतो.

शब्द ठरलेले असतील तर फाइल बाइट स्वरूपात उघडून बाइटच बदलता येतात, ते आणखी वेगवान. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे की एका अक्षराच्या बाइट दुसऱ्या अक्षराच्या मधोमध सापडत नाहीत, त्यामुळे ते सुरक्षित आहे. पण ओळीऐवजी ठरावीक आकाराचे तुकडे वाचणार असाल तर तुकडा नेमका 'औरंगा' आणि 'बाद'च्या मधे तुटू शकतो. नवख्यांनी ओळीच धराव्यात.

७. जागच्या जागी बदल करायचा हट्ट सोडा

"नवी फाइल कशाला, तिथल्या तिथंच बदलू की." मीही हेच म्हणाले होते. 'औरंगाबाद' फाइलमध्ये २४ बाइट घेतं, 'छत्रपती संभाजीनगर' ४९. फाइलमध्ये अक्षरं एकाला एक चिकटून बसलेली असतात, मधे सरकायला जागा नसते. २४ च्या जागेत ४९ लिहिले तर पुढच्या २५ बाइटचा मजकूर पुसला जातो. जागच्या जागी लिहिणं जमतं ते फक्त नव्या-जुन्याची लांबी बाइटला बाइट सारखी असेल तेव्हा. 'सेड' या लिनक्सच्या आज्ञेत किंवा पर्ल या भाषेत 'आय' पर्याय देऊन जागच्या जागी बदल होतो असं दिसतं ना? पडद्यामागे तेही नवी फाइलच लिहितात आणि शेवटी नाव बदलतात.

आपणही तेच करायचं. शेवटी जुनीच्या जागी नवी ठेवायला 'ओएस' मॉड्यूलमधलं 'रिप्लेस' वापरा. त्या वेळी दोन्ही फाइली एकाच ड्राइव्हवर असल्या पाहिजेत, म्हणजे ही अदलाबदल एका झटक्यात होते: एकतर पूर्ण जुनी, नाहीतर पूर्ण नवी.

माझ्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. नवी फाइल १ कोटी १० लाख ओळींवर तुटली, जुनी मात्र शाबूत होती. अर्धवट फाइल उडवली, लाईट आल्यावर पुन्हा सुरू केलं. नुकसान चार मिनिटांचं.

८. वही काढा, ताळा करा

नव्या फाइलच्या ओळी जुनीइतक्याच भरल्या पाहिजेत, हे झालं पहिलं. दुसरा ताळा मला जास्त आवडतो. प्रत्येक औरंगाबादमागे फाइल २५ बाइटनं वाढते. उस्मानाबाद ३० बाइटचं, धाराशिव २१ चं, म्हणजे दर वेळी ९ बाइट कमी. स्क्रिप्टला दोन्ही बदल मोजायला लावा. औरंगाबादचं 'ेत' जाऊन 'ात' आलं तरी फरक २५ चाच राहतो. आधीच 'संभाजीनगर' असलेल्या जागा वेगळ्या मोजा, तिथं 'छत्रपती' आणि एक स्पेस मिळून २२ बाइट वाढतात. जुना आकार, अधिक २५ गुणिले पहिले, अधिक २२ गुणिले तिसरे, वजा ९ गुणिले दुसरे: नव्या फाइलचा आकार एका बाइटच्याही फरकाशिवाय तेवढाच आला पाहिजे. साफसफाई वेगळ्या फेरीत करा म्हटलं ते यासाठी, नाहीतर हा हिशोब जुळत नाही.

पहिल्यांदा माझा हिशोब चुकला, आणि फरक नेमका ओळींच्या संख्येइतका. मी लिनक्सवर होते, न्यूलाइन रिकामी ठेवायला विसरले होते आणि दर ओळीच्या शेवटची एक बाइट गळाली होती. ते दुरुस्त केल्यावर ३ बाइटचा फरक उरला. तो बॉम. वाचताना 'यूटीएफ-८-सिग' आणि लिहिताना साधं 'यूटीएफ-८' दिलं होतं. दोन्हीकडे सिग केलं आणि शून्य आलं.

९. पोचवताना

औरंगाबादच्या नोंदी ५२ लाखांवर होत्या, उस्मानाबादच्या २७ लाखांच्या आसपास. म्हणजे फाइल दहा कोटी बाइटनं फुगली. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती त्यांच्याच पेनड्राइव्हवर टाकायला गेले, तर चढेचना. जागा रिकामी दिसत होती, तरी फाइल फार मोठी आहे म्हणून नकार. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा होता. त्यात एका फाइलला ४,२९,४९,६७,२९५ बाइटची मर्यादा असते. जुनी फाइल तिच्या आत होती, नव्या नावांनी ती ओलांडली. फोन केला, "दादा, त्यावर दुसरं काही ठेवलेलं आहे का?" ते म्हणाले, "नाही ताई, काय करायचं ते करा." एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, फाइल टाकली आणि दिवे लागायच्या आत पोचवून आले.